मेहुणीच्या गावची वेळ

२ मार्च, सोमवार

आजपासून नियमित रोजनिशी. खरं तर हा जानेवारीतला निश्चय, पण जानेवारी गडबडीत गेला आणि फेब्रुवारी मुळातच लहान.

कामात एक बारीकशी भानगड. ऑफिसच्या सर्व्हरवर काहीही नवं सॉफ्टवेअर बसवलं की एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आपोआप बदलतंय. पुढेमागे या प्रकरणावर कॉन्फरन्समध्ये भाषण द्यायची वेळ येणारच, म्हणून सोप्या शब्दांत लिहून ठेवतो. व्हेरिएबल म्हणजे मशीनच्या दारावर लावलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक प्रोग्राम उठला की आधी त्या वाचतो. भाषा कुठली, फायली कुठे, घड्याळ कुठल्या गावचं. आमच्याकडे घड्याळाची चिठ्ठी बदलतेय. मी दुरुस्त करतो, कोणीतरी काहीतरी बसवतं, की झालं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सॉफ्टवेअर बसवायचं काम पेटारा करतो. पेटारा हा आमचा पॅकेज मॅनेजर. आमचा म्हणजे माझा. सहा वर्षं एकहाती लिहिलाय. गेल्याच आठवड्यात नवी आवृत्ती सगळ्या सर्व्हरवर सोडली, आजवरची सर्वांत भक्कम. तेव्हा पेटाऱ्यात दोष असण्याचा प्रश्नच नाही. पेटारा सोडून बाकी सगळं तपासायचं. बुधवारपर्यंत उडवतो.

बुधवारी बग, गुरुवारी तिकीट, शनिवारी मी तिकडे. ही आणि चिमणी जानेवारीपासून थोरल्या मेहुणीकडे परदेशात आहेत, हवापालटाला. हिचं म्हणणं एवढंच की चिमणीला नव्या वर्षी इथल्या शाळेत ठेवायचं की तिकडच्या, ते समोरासमोर बसून ठरवू. ये, आणि एकदा तरी लॅपटॉप न आणता ये. वीस तारखेला तिकडच्या शाळेचा प्रवेश बंद होतो. तोवर मी पोचलो नाही तर ती तिकडे नाव घालणार. असं म्हणते.

वीस तारीख म्हणजे अजून पुष्कळ लांब आहे.

३ मार्च, मंगळवार

पहाटे उठून चालायला जायचं ठरवलं होतं. उठलो. मग बिछान्यातच बगचा विचार केला. डोक्याचा व्यायाम हाही व्यायामच.

मीटिंगमध्ये सगळ्यांना मूळ नियम समजावला. एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला की पहिला बाप, दुसरा मूल. मुलाला बापाच्या चिठ्ठ्यांची नक्कल मिळते, मूळ चिठ्ठी नाही. मुलाने काहीही केलं तरी बापाकडचं बदलत नाही. म्हणजे हे काम बाहेरच्या कोणाचं तरी आहे. मॅनेजरबाईंनी विचारलं की पण तुमचा पेटारा शेवटी सेटिंगची फाईल नव्याने लिहितो ना, ती वाचून बदलत असेल की. मी म्हटलं, लिहितो, पण मी सांगितलेलंच लिहितो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुद्दा पटलेला दिसला.

५ मार्च, गुरुवार

बुधवारची मुदत शुक्रवारवर नेली. तिकीटही त्यानुसार.

आज प्रकरणाने पेट घेतला. आमचं सॉफ्टवेअर दातांच्या दवाखान्यांसाठी आहे. पेशंटची वेळ जवळ आली की त्याला मेसेज जातो, अर्ध्या तासात या. घड्याळाची चिठ्ठी चुकली, मेसेज पाच तास आधी गेले. एक म्हातारे गृहस्थ उजाडायच्या आत गाल धरून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. डॉक्टरांना झोपेतून उठवून आणावं लागलं. डॉक्टरांनी मॅनेजरबाईंना फोनवर काय काय सुनावलं ते त्यांनी मला सांगितलं, बहुतेक थोडं गाळून. मी म्हटलं, सकारात्मक बाजू बघा, मेसेज पोचतात हे तरी सिद्ध झालं.

दुपारी चिठ्ठीवर कोणत्या गावाचं नाव येतंय ते नीट वाचलं. थोरल्या मेहुणीचं गाव!

जगात शेकडो गावं पडलीत. नेमकं हेच का? हा योगायोग नव्हे. जो कोणी हे करतोय, त्याला माझ्या घरातलं ठाऊक आहे. हा वैयक्तिक हल्ला आहे.

पहिला संशय टोपीवर. टोपी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा नवा सहकारी. एसीचा झोत थेट डोक्यावर येतो म्हणून दिवसभर लोकरी टोपी घालून बसतो. आधी बँकेत होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा असून मला सर म्हणतो. कोण म्हणतं असं, कारण असल्याशिवाय?

७ मार्च, शनिवार

सुट्टी. घर साफ करायचं ठरवलं. एक कपाट उघडलं आणि बंद केलं. हिने जाताना स्वेटर नेले, सुती कपडेही नेले, मिक्सर नेला आणि चिमणीची जुनी चित्रं भिंतीवरून काढून नेली. टोकाची व्यवस्थित बाई. दोन-तीन महिन्यांसाठी एवढी तयारी कोण करतं!

भात लावला. दोघी घरात असल्याच्या मापाने लावला गेला, म्हणजे तिघांच्या. सवय. सोमवारपर्यंत तोच खाणार, वाया घालवायचा नाही.

ताईचा फोन. थोरली बहीण म्हणून तिला वाटेल ते बोलायचा परवाना आहे. म्हणाली, अरे तू जाणार कधी? मी बगबद्दल सांगितलं. तिला काही कळलं नाही, तरी म्हणाली की काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुझं लहानपणापासून हेच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचास. मग आवाज उतरवून म्हणाली, बाबा रे, ती हवापालटाला गेलेली नाहीये, एवढं तरी तुला कळतंय ना? मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज अगदी छान होती.

संध्याकाळी टीव्ही लावून ठेवला. बघायला नाही, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

९ मार्च, सोमवार

आज बाजी मारली. सेटिंगची फाईलच कुलूपबंद करून टाकली. आता कोणाच्या बापाला ती बदलता येणार नाही.

९ मार्च, जेवणानंतर

पेटाऱ्यालाही ती बदलता येत नाही हे ध्यानात आलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांचं सगळं बंद. एकूण एक जण माझ्या टेबलाभोवती उभा. टोपीने हलकेच विचारलं, सर, कुलूप मीच काढू का? मी म्हटलं, काढा. त्याने काढलं. फार सराईतपणे काढलं. लक्षात ठेवतोय.

हात दाखवून अवलक्षण, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. प्रयोग करणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं.

१० मार्च, मंगळवार

हिचा मेसेज: येतोयस ना? तिकीट कधीचं?

उत्तर लिहायला घेतलं. मोठं झालं. खोडलं. अंगठ्याचं चित्र पाठवलं.

१२ मार्च, गुरुवार

फाईलवर पहारा बसवला होता. तिला कोणी हात लावला की नोंद होते. आज पुरावा हाती आला. नोंदीत स्वच्छ लिहिलंय: फाईल बदलणारा प्रोग्राम, पेटारा. खातं, पेटाऱ्याचं.

म्हणजे कोणीतरी पेटाऱ्याचं सोंग घेऊन आत शिरतंय! केवढी हुशारी! हे टोपीच्या आवाक्यातलं नाही. टोपीला मनोमन माफ केलं. त्याला चहा पाजला. तो गोंधळला. म्हणाला, सर, नोंदीत पेटारा म्हणतंय तर एकदा पेटाराच उघडून बघायचा का? मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. साधा माणूस आहे.

मग इतकं कोणाला जमेल? पेटारा ज्याला माहीत आहे. माझ्या घरातलं ज्याला माहीत आहे. जो स्वतः त्या गावात बसलाय.

साडू.

सगळं जुळतं. साडू तिकडे मोठ्या कंपनीत क्लाउडचं बघतो. दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हा मी त्याला पेटारा दाखवला, तर म्हणाला की अहो, असली वस्तू जगात फुकट मिळते, तुम्ही कशाला रात्रंदिवस खपताय. आणि हसला. सगळ्यांदेखत. हीसुद्धा हसली. तेव्हापासून मला पाण्यात पाहतो.

आता माझी बायको-मुलगी त्याच्या घरी जेवतात, त्याच्या गाडीतून फिरतात, आणि वर हा माझ्या सर्व्हरवर त्याच्या गावची वेळ चिकटवतो. काय माणूस आहे!

१४ मार्च, शनिवार

दुपारी हिला फोन केला. अत्यंत शांतपणे बोलायचं ठरवून केला. मुद्दे आधी काढून ठेवले होते.

मी म्हटलं, भाओजींना सांग की मला सगळं कळलंय. ती म्हणाली, काय कळलंय? मी नोंद, पहारा, सोंग, गावाचं नाव, सगळं क्रमाने सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, ती पुरावा तोलून बघतेय. मग म्हणाली, भाओजी सोमवारपासून तापाने पडलेत. म्हटलं, ताप हे निमित्त असू शकतं.

मग म्हणाली, मला वाटलं तू तिकीट काढल्याचं सांगायला फोन केलास. चिमणी कॅलेंडरवर खुणा करत बसली होती. तू आधी सातला येणार होतास, मग दहाला, मग चौदाला. आज सकाळी तिने सगळ्या खुणा खोडरबराने पुसल्या, मी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, चोर हातात सापडलाय, अजून चार दिवस. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

आवाज थकलेला वाटला. तापाची साथ असेल तिकडे.

१५ मार्च, रविवार

काल बोललो ते थोडं जास्त झालं का? नाही. सत्य कोणीतरी बोलायलाच हवं.

दिवसभर कोणाशी बोललो नाही. संध्याकाळी दुकानात ब्रेड घेताना दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं. हो म्हटलं, तर घसा इतका बसलेला की त्याने पुन्हा विचारलं.

चिमणी असती तर म्हणाली असती, बाबा, बेडकासारखा बोलतोस. फार आठवण येते तिची. लिहून टाकलं, झालं. कोण वाचतंय?

१७ मार्च, मंगळवार

अंतिम योजना. उद्या साडूला सापळा. सगळे सर्व्हर नेटपासून तोडायचे आणि मग पॅकेज बसवायचं. बाहेरून कोणी येऊच शकणार नाही, चिठ्ठी जागेवर राहील, आणि साडूचं पितळ उघडं पडेल. उद्या निकाल, परवा विमान, वीसला सकाळी मी शाळेच्या दारात. शेवटच्या क्षणी येणाऱ्या माणसाची किंमत वेगळीच असते. हिला सांगितलं नाही. एकदम जाऊन उभा राहणार.

बॅग काढून कॉटवर ठेवली. लॅपटॉप बाजूला ठेवला. मग पुन्हा बॅगेत ठेवला, फक्त विमानात लागला तर.

१८ मार्च, बुधवार

नेट तोडलं. सगळे जमले होते. मॅनेजरबाईसुद्धा. मी पॅकेज बसवलं.

चिठ्ठी बदलली. तेच गाव.

टोपी म्हणाला, सर, आता तरी बघू का? आणि मी हो म्हणायच्या आत त्याने पेटारा मोठ्या पडद्यावर उघडला. मला वाटलं, सहा वर्षांचं काम आहे, आठवडाभर तरी शोधत बसेल. त्याने त्या गावाचं नाव टाकून शोध दिला. एकच ओळ निघाली. घड्याळ या गावचं लाव. लिहिणारा, मी. तारीख, त्या दोघींना विमानतळावर सोडून मी थेट ऑफिसात आलो होतो ती. त्या दिवशी पुष्कळ काम केल्याचं आठवतं, काय केलं ते आठवत नाही.

ओळीच्या वर माझीच टीप होती. प्रोग्रामर लोक एकमेकांसाठी लिहून ठेवतात तशी.

तात्पुरतं. त्या दोघी परत येईपर्यंत. तिकडे किती वाजले ते सतत दिसायला हवं.

पडदा भिंतीएवढा आहे. सगळ्यांनी वाचलं. मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणीच हसलं नाही, हे फार वाईट झालं. टोपीने टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, सर, तुमच्या मशीनवरचं घड्याळ जानेवारीपासून तसंच आहे. आम्हाला वाटायचं, मुद्दाम ठेवलंय.

मी म्हटलं की काटेकोरपणे बघता हा बग नाही. प्रोग्राम सांगितलं तेच करतोय. म्हणजे माझा पहिल्या दिवसापासूनचा मुद्दा बरोबर ठरला. मॅनेजरबाई म्हणाल्या, हो, बरोबर ठरला. तुम्ही आता घरी जा.

१९ मार्च, गुरुवार

मॅनेजरबाईंनी घरी फोन केला. फार गोड बोलल्या, तेव्हाच ओळखलं. पेटारा बंद करायचं ठरलंय. जगात फुकट मिळतो तोच पॅकेज मॅनेजर घेणार, टोपी बसवणार. मला महिनाभर रजा. मागितली नव्हती. म्हणाल्या, तुमच्यावाचून इथे काही अडणार नाही, निश्चिंत जा. माणसाला धीर द्यायला असं कोणी म्हणतं का?

सहा वर्षं मी हिला सांगत आलो की माझ्यावाचून ऑफिसचं अडतं.

आजचं विमान होतं. बघितलं नाही. अंघोळही केली नाही.

२० मार्च, शुक्रवार

सकाळीच हिला फोन. आज मन मोठं करायचं ठरवलं होतं. म्हटलं, भाओजींवरचा आरोप मी मागे घेतो. ती म्हणाली, बरं. म्हटलं, बग सापडला. म्हणाली, बरं झालं. म्हटलं, शाळेचं शेवटच्या दिवसाचं बघ, अजून दुपार आहे तिकडे, थोडं थांबवता आलं तर मी लगेच निघतो.

म्हणाली, अरे, मी सोमवारीच नाव घातलं. तू शनिवारी फोन केलास ना, त्यानंतर. मी तेव्हा रडलेसुद्धा नाही, याचंच मला वाईट वाटलं. तिचा आवाज चांगला होता. मला वाटलं होतं, भांडेल.

मी विचारलं, मग आता मी येऊ की नको? ती म्हणाली, चिमणीला भेटायला कधीही ये. ते तिचं आणि तुझं आहे. मी वाट बघणार नाही, एवढंच.

बग कोणाचा निघाला, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२५ मार्च, बुधवार

पेटारा कालपासून बंद. टोपीचा मेसेज आला, सगळं सुरळीत, काळजी नसावी. मेसेजच्या शेवटी सर होतंच.

सकाळी तिकडच्या अंदाजाने फोन लावला. किती वाजले असतील ते बोटांवर मोजून. चिमणीने उचलला. शाळेतून नुकतीच आली होती, बूट काढत होती. बाईंचं नाव सांगितलं, नवी मैत्रीण झाली ते सांगितलं, शाळेच्या जिन्याला एकशे काही पायऱ्या आहेत म्हणाली. मी म्हटलं, वा. मग तिने विचारलं, बाबा, तुझा कॉम्प्युटर नीट झाला? म्हटलं, झाला. विचारलं, ऑफिस? म्हटलं, रजा आहे. महिनाभर.

ती म्हणाली, मग आता तुला काय काम आहे?

मी कारण शोधलं. खरंच शोधलं. भरलेली बॅग समोर कॉटवर होती. एकही सापडलं नाही. म्हटलं, काहीच नाही गं.

मला वाटलं, आता हट्ट करेल. मग ये ना, आत्ताच्या आत्ता ये, म्हणेल. मागच्या महिन्यात रोज म्हणायची, आणि मी रोज म्हणायचो, बघतो. त्याच तयारीत बसलो होतो.

ती म्हणाली, बरं. अगदी आईसारखं. मग म्हणाली, मैत्रीण खाली थांबलीये, मी जाऊ?

म्हटलं, जा.